देणारे सगळे, घेणारं कुणीच नाही

प्रश्न : आमच्या गटाने सहा महिन्यांपूर्वी टाइम बँक, म्हणजे पैशांऐवजी मदतीचे तास जमा करायची आणि गरजेला परत घ्यायची सोय, सुरू केली. एकट्या राहणाऱ्या आजारी माणसांना आधार मिळावा, हा हेतू. सभासद बेचाळीस. मदत द्यायला सगळे तयार, मागायला मात्र फारसं कुणी पुढे येत नाही. तास नुसते साठताहेत. कुठे चुकतंय?

उत्तर : तास साठणं हे टाइम बँकेचं सर्वांत नेहमीचं दुखणं आहे. इथे एक तास दिला की एक तास जमा, काम कुठलंही असो. पण कुणी घेतलंच नाही, तर दुसऱ्याला देता कसं येणार? मागायला संकोच वाटतो, कारण मागणं म्हणजे दुबळेपणा असं मनात बसलेलं असतं. अमेरिकेतले एडगर कान १९८० मध्ये हृदयविकाराने अंथरुणाला खिळले. आपण आता कुणाच्या उपयोगाचे उरलो नाही, ही भावना त्यांना फार टोचली आणि त्यातूनच टाइम बँकेची कल्पना त्यांनी मांडली. म्हणून आजारी माणसाला नुसतं ‘लाभार्थी’ करू नका. अंथरुणावरचा माणूसही रोज सकाळी फोन करून दोन एकट्या सभासदांची खुशाली विचारू शकतो. त्याच्याही खात्यात तास जमा करा.

नवा सभासद आला की अर्धा तास बसून बोला. तीन गोष्टी देण्याच्या आणि निदान दोन घेण्याच्या लिहून झाल्याशिवाय नोंदणी पुरी करू नका. ‘मला काही नको’ म्हणणाऱ्याला ‘काय शिकायला आवडेल?’ असं विचारा, गाडी तिथून पुढे सरकते. सुरुवातीलाच दोन तास खात्यात टाका आणि पाच तासांपर्यंत उणे शिल्लक चालू द्या. देणारा आणि घेणारा अशी पहिली जोडी समन्वयकाने स्वतः, पंधरा दिवसांच्या आत लावावी. नुसती यादी फिरवून फोन येत नाहीत. समन्वयक थकला की बँकही बंद पडते, तेव्हा हे काम दोघांत वाटा. जास्तीचे तास सामायिक खात्यात वळवून आजारी सभासदांसाठी ठेवता येतात.

गरजू माणसं सामील होत नसतील, तर दवाखान्याशी बोला. लंडनमधली रशी ग्रीन टाइम बँक १९९९ मध्ये एका दवाखान्यातच सुरू झाली. डॉक्टर एकटेपणाने खचलेल्या रुग्णांना तिकडे पाठवत.

प्रश्न : सभासदांनी रुग्णाला औषधं दिली तर चालेल का?

उत्तर : नाही. इंजेक्शन, मलमपट्टी, गोळ्यांचे डोस आणि पैशांचे व्यवहार यादीतून काढाच. डॉक्टरांकडे सोबत जाणं, त्यांनी सांगितलेलं लिहून घेणं, रोज वीस मिनिटं बरोबर चालणं, इस्पितळातून घरी आलेल्या माणसासाठी पहिले दोन आठवडे जेवण किंवा वाणसामान आणणं, ही कामं ठेवा. कुणाच्या घरी पहिल्यांदा जाताना दोघांनी जावं. येण्याजाण्याचा वेळ मोजायचा की नाही, हे आधीच ठरवा. भांडणं बहुतेक तिथेच होतात. आणि हिशेबात एकूण तासांपेक्षा एक आकडा जपून लिहा : या महिन्यात किती सभासदांनी दिलंही आणि घेतलंही.