नीतिशास्त्रात इतके पंथ आहेत, मग मानायचा कोणता?

कांट, मिल, ॲरिस्टॉटल हे पाश्चात्त्य तत्त्वज्ञ सगळेच पटण्यासारखं बोलतात, मग चूक-बरोबर ठरवताना कुणाचं ऐकायचं, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते व्याख्या बाजूला ठेवून प्रसंग घ्यावेत.

मारेकरी दारात आलाय आणि तुमचा मित्र घरात लपलाय. खोटं बोलावं? कांटने १७९७ सालच्या एका निबंधात ठाम सांगितलं, नाही. त्याचं म्हणणं असं: 'तो घरात नाही' असं तुम्ही म्हणालात, तेवढ्यात मित्र गुपचूप बाहेर पडलेला असला आणि मारेकऱ्याला वाटेत सापडला, तर दोष तुमच्यावर येतो. खरं बोलणाऱ्यावर येत नाही. महाभारत याच्या अगदी उलट सांगतं. कर्णपर्वात कृष्ण अर्जुनाला कौशिकाची गोष्ट ऐकवतो. सत्याचं व्रत घेतलेल्या कौशिकाने जीव वाचवायला लपलेल्या लोकांचा ठिकाणा दरोडेखोरांना सांगितला. ते लोक मारले गेले आणि कौशिक नरकात गेला. मला इथे कृष्णाचंच पटतं, आणि परिणाम पाहणाऱ्या मिललाही तेच पटलं असतं.

पण परिणाम मोजणारा पंथ मला मुळशीपाशी अडतो. १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळातल्या शेतकऱ्यांनी तिथल्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. वीज मुंबईला जाणार होती, जमीन त्यांची बुडणार होती. 'पुष्कळांचं पुष्कळ सुख' हा हिशोब लावला तर मुंबईचं पारडं सहज जड होतं. हक्क जपणं शेवटी सगळ्यांच्याच फायद्याचं असतं, असं मिलवादी म्हणतात. मला ते अपुरं वाटतं. उद्या फायदा नाही असं दिसलं, तर हक्कही गेला का? माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नका, हे कांटचं १७८५ मधलं सूत्र इथे हवंच. दारातला कांट मी सोडतो, पण हा सोडत नाही.

ॲरिस्टॉटलचा रोख वेगळा आहे. कृतीपेक्षा ती करणारा माणूस सवयीने कसा घडतो, हे तो पाहतो. धैर्य किंवा न्यायबुद्धी आधी अंगी नसेल, तर ऐन वेळी कुठलंही सूत्र आठवून उपयोग नाही, हे मला पूर्ण मान्य आहे.

मराठीतून वाचायचं असेल तर टिळकांच्या 'गीतारहस्या'तलं 'कर्मजिज्ञासा' हे प्रकरण आधी घ्या. सत्याला अपवाद असतात का, याची चर्चा त्यात आहे. मग 'आधिभौतिक सुखवाद' वाचा; मिलपंथाशी टिळक तिथे सविस्तर वाद घालतात. भाषा जुनी आहे, सावकाश वाचा.