'कसे घडले' हा रकाना काढू नका

देशभरातील रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागांतून दुखापतींच्या नोंदी जमवण्याचे काम तुमच्याकडे आले आहे, परिचारिकांना फॉर्म लांबलचक वाटतो आणि 'घटना कशी घडली' हा दोन ओळींचा रकाना काढून फक्त संकेतांक ठेवा, असे वरून सुचवले जात आहे, हे तुम्ही लिहिले आहे. काही वर्षांपूर्वी नेमकी हीच सूचना मी मान्य केली होती, म्हणून सविस्तर लिहिते. व्याख्या, परवानग्या, गोपनीयता हे सगळे तुम्ही पाहिलेच असेल, त्यात शिरत नाही.

आमच्या नोंदी एकत्र करणाऱ्या कार्यालयाला मजकूर नको होता. दरमहा ठरलेल्या तारखेला बेरजा हव्या होत्या. आम्ही रकाना काढला आणि त्या जागी यादी दिली. त्या यादीत सर्वांत वर 'पडणे, तपशील नाही' हा पर्याय होता, म्हणजे आयसीडी-१० या आजार व दुखापतींच्या आंतरराष्ट्रीय संकेतांक-यादीतील डब्ल्यू१९. रात्री गर्दी असताना नोंद करणारा माणूस पहिलाच पर्याय निवडणार, हे माझ्या लक्षात यायला हवे होते. आठ महिन्यांनी लहान मुलांच्या जिन्यावरील अपघातांविषयी विचारणा झाली, तेव्हा आमच्याकडे पडलेली मुले भरपूर होती. पण पलंगावरून (डब्ल्यू०६) किती, जिन्यावरून (डब्ल्यू१०) किती, इमारतीवरून (डब्ल्यू१३) किती, हे सांगता येईना. जुन्या कागदी फॉर्मवर एका परिचारिकेने लिहिले होते : 'वय ११ महिने. चाकांच्या वॉकरमध्ये होता. दार उघडे राहिले. सात पायऱ्या खाली.' नव्या पद्धतीत तसेच मूल आले असते, तर 'पडणे, डोके, मुलगा' एवढेच उरले असते.

कॅनडात १९९० पासून रुग्णालयांतील अशा नोंदींमध्ये रुग्णाने किंवा पालकांनी सांगितलेली हकिगत टिपली जाते. एप्रिल २००४ मध्ये तिथे बेबी वॉकरच्या विक्रीवर बंदी आली, त्यामागे या नोंदींचाही आधार होता. नुसत्या बेरजेतून वॉकर कधीच दिसला नसता.

रकाना परत द्या, अशी विनंती आम्ही केली, तेव्हा वर्षाच्या मध्यात नमुना बदलता येत नाही, असे उत्तर मिळाले. त्याच सुमारास एका रुग्णालयाने मनापासून नोंदी करायला सुरुवात केली, त्यामुळे त्यांचा आकडा वाढला, आणि त्याच कार्यालयाने 'दुखापती का वाढल्या' असा खुलासा मागितला. पुढच्या महिन्यात तो आकडा निमूटपणे खाली आला. याचा राग मला आजही येतो, कारण त्या माणसांनी काम नीट केले होते.

माझे स्पष्ट मत असे की सगळ्या रुग्णालयांकडून अर्धवट नोंदी घेण्यापेक्षा थोड्या रुग्णालयांकडून पूर्ण घ्याव्यात. अमेरिकेत सुमारे १०० रुग्णालयांच्या संभाव्यता-नमुन्यावरून, म्हणजे चिठ्ठ्या टाकून काढावीत तशी निवडलेल्या रुग्णालयांवरून, देशाचे अंदाज काढतात. मात्र रुग्णालये सोयीने निवडली असतील, तर त्यांवरून देशाचा दर काढू नका. कोणत्या प्रकारच्या दुखापती दिसतात आणि त्या कशा घडतात, एवढेच सांगा. जागीच दगावलेले लोक रुग्णालयात येतच नाहीत, त्यांच्यासाठी मृत्यूनोंदणी वेगळी पाहावी लागते. माझा अनुभव मोठ्या रुग्णालयांचा आहे, लहान दवाखान्यांत गणित वेगळे असू शकते.

यादी ठेवावीच लागली, तर पहिली जागा रिकामी ठेवा आणि 'तपशील नाही' अगदी शेवटी टाका. त्या पर्यायाचे प्रमाण दरमहा प्रत्येक रुग्णालयाला कळवा. परिचारिकांना आपल्या नोंदी कोणी वाचते आहे हे कळले की फरक पडतो. हकिगत केस पेपर काढतानाच विचारा, वॉर्डात पोहोचेपर्यंत तिचे 'पडून लागले' एवढेच होते. दुखापत कोणी केली का, हा प्रश्न मात्र सोबत आलेल्या व्यक्तीला बाहेर बसवून, रुग्णाला एकट्यालाच विचारा.