कपाटाचे सांधे महिनाभरात सुटले. क्लॅम्प किती लावायचे आणि किती वेळ ठेवायचे?

तुम्ही लिहिलंय की फळ्यांमध्ये फट राहत होती आणि ती क्लॅम्प (शिकंजा) आवळून बंद केली. माझ्या मते सांधा तिथंच बिघडला. ओढून आणलेलं लाकूड मागं जायला बघतं. माझंही पहिलं कपाट असंच गेलं. जुलैत, कोल्हापूरच्या भर पावसात दमट फळ्या जोडल्या आणि दिवाळीपर्यंत सांध्यांना चिरा पडल्या.

म्हणून फेविकॉल लावायच्या आधी सगळं कोरडंच जुळवून बघा. दोन कडा एकमेकींवर धरून उजेडाकडे बघायच्या. उजेड दिसला तर रंधा मारायचा, क्लॅम्प आवळायचा नाही. सांधा हाताच्या दाबानं बसला पाहिजे, क्लॅम्पनं तो फक्त धरून ठेवायचा.

फेविकॉल दोन्ही बाजूंना, पातळ आणि सगळीकडे सारखा. प्लायची कापलेली कड तो शोषून घेते, त्यामुळे तिथं एक हात देऊन दोन-चार मिनिटं थांबा आणि मग दुसरा हात द्या. आवळल्यावर सांध्याच्या रेषेवर बारीक थेंब दिसले की पुरे. ते ओल्या फडक्यानं फासू नका, नाहीतर तिथं पॉलिश धरत नाही. जेलीसारखे झाले की पटाशीनं अलगद उचला.

१९ मिमी प्लायला मी दर ८-१० इंचांवर एक क्लॅम्प लावतो, खाली लाकडी गुटका ठेवून. एवढे क्लॅम्प नसतील तर सांध्यावर जाड, सरळ पट्टी ठेवा, म्हणजे दोन क्लॅम्पचा दाब लांबवर पसरतो. किंवा दोरी गुंडाळून काठीनं पीळ द्या, नाहीतर सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या ताणून बांधा. जुनी सुतारमंडळी असंच करायची. लांब पाईप क्लॅम्प हवे असतील तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात एखाद्या वर्कशॉपमध्ये विचारून बघा, नमुना दाखवला की काम सोपं होतं.

उन्हाळ्यात क्लॅम्प थोडे लवकर काढले तरी चालतं. पावसाळ्यात मी रात्रभर ठेवतो. वजन मात्र २४ तासांनंतरच.

आणि फेविकॉल ओला असतानाच चौकटीचे दोन्ही कर्ण टेपनं मोजा. एक जास्त भरला तर त्याच कर्णाच्या दिशेनं क्लॅम्प थोडा तिरका करून आवळा आणि परत मोजा. वाळल्यावर हे करता येत नाही, आणि मग दार शेवटपर्यंत नीट लागत नाही.