टर्कीला फिरायला चाललोय. तिथे भारतीय आहे असं न सांगता मॉरिशसचा किंवा पाकिस्तानी आहे असं सांगितलं तर चालेल का?

दुकानदाराला सांगितलंत तर कोणी तुम्हाला पकडून नेणार नाही. विमानतळावर, हॉटेलात, पोलिसांपुढे किंवा दवाखान्यात सांगितलंत तर अडकाल. तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर एवढंच. पण काल रात्री तुमचा प्रश्न वाचला आणि मला झोप लागली नाही. हा प्रकार मी इस्तंबूलमध्येच अनुभवलाय. तोंडाने मी खोटं बोलले नाही, पण बोलणाऱ्याच्या शेजारी बसून चहा प्यायले. मला दोन्ही सारखंच वाटतं.

मे 2014. मी, आमचे हे, धाकटे दीर आणि जाऊबाई असे चौघे गेलो होतो. सगळं बुकिंग भावजींनी केलेलं. ते औषध कंपनीत विक्रीच्या कामात होते, त्यामुळे घासाघीस करण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही. निघण्याआधीच त्यांनी कुठेतरी वाचलं होतं की टर्कीत पाकिस्तानी म्हटलं की भाव कमी करतात.

ग्रँड बाजारात नुरुओस्मानिये दाराच्या जवळ एक छोटं दुकान होतं. मला तिथले किलिमच्या, म्हणजे सतरंजीसारख्या विणीच्या कापडाचे उशांचे अभ्रे आवडले. पन्नास लिराला एक, मला चार हवे होते. दुकानात एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांचा पुतण्या. पुतण्याला इंग्रजी येत होतं. त्याने विचारलं, "पाकिस्तान?" भावजी लगेच म्हणाले, "येस, येस. कराची."

माझ्या कपाळावर टिकली होती. भावजींनी डोळ्यांनी खुणावलं. मी रुमालाने घाम टिपल्यासारखं केलं, टिकली काढली आणि मुठीत धरली. मंगळसूत्र ओढणीखाली गेलं. हे सगळं मी केलं, मला कोणी जबरदस्ती केली नव्हती.

म्हातारे उठून उभे राहिले. छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, "कार्देश". म्हणजे भाऊ. तीन साखळ्यांना लटकलेलं तबक घेऊन एक पोरगा आला, त्यात कमरेशी बारीक झालेले काचेचे छोटे पेले आणि प्रत्येक बशीत साखरेचे दोन चौकोनी खडे. म्हातारे बोलत होते आणि पुतण्या सांगत होता, "काका म्हणतात, आमच्या वाईट दिवसांत तुमच्या बायकांनी अंगावरचे दागिने काढून आमच्यासाठी पाठवले. आम्ही ते विसरलो नाही." असं म्हणून त्यांनी माझ्या आणि जाऊबाईंच्या बांगड्यांकडे बोट केलं. मला तो पेला दोन्ही हातांनी धरायचा होता, पण एका मुठीत टिकली होती. एका हाताने कसाबसा चहा संपवला. अभ्रे चाळीसला एक मिळाले. चाळीस लिरा वाचले, तेव्हाचे साधारण अकराशे रुपये. बाहेर आल्यावर भावजींनी आमच्या ह्यांना टाळी दिली.

त्याच रात्रीच्या बसने आम्ही कप्पाडोकियाला गेलो. सकाळी जाऊबाईंच्या लक्षात आलं की औषधांची पिशवी नाही. बीपी आणि थायरॉइड, दोन्हींच्या गोळ्या त्यातच. बसमध्ये राहिली असेल असं धरून चाललो. तिथल्या औषधाच्या दुकानात मोबाइलवर औषधाची नावं दाखवून निभावलं, पण जाऊबाईंचा जीव थाऱ्यावर नव्हता. गुहा, आकाशात उडणारे गरम हवेचे फुगे, डोंगर सगळं त्यांनी कपाळ दाबत बघितलं.

रविवारी इस्तंबूलला त्याच हॉटेलात परत आलो. रिसेप्शनवरचा मुलगा बोलता बोलता म्हणाला, "तुम्ही गेलात त्या संध्याकाळी बाजारातला एक माणूस येऊन गेला. कोणा पाकिस्तानी कुटुंबाची औषधं दुकानात राहिली म्हणे. मी सांगितलं, आमच्याकडे पाकिस्तानी कोणी उतरलं नव्हतं. चौघे जण होते, पण ते भारताचे."

ऐकून माझे हातपाय गार पडले. औषधं आमच्या दारात येऊन परत गेली होती. रविवारी ग्रँड बाजार बंद असतो. अख्खा दिवस खोलीत बसून काढला.

सोमवारी सकाळी मी आणि आमचे हे गेलो. भावजी आले नाहीत, बॅगा भरायच्या आहेत म्हणाले. मी टिकली लावून गेले. म्हाताऱ्यांनी मला पाहिलं, कपाळाकडे पाहिलं, आणि काही न बोलता मागच्या फळीवरून पिशवी काढून दिली. नाशिकच्या मेडिकलची ती पिशवी, आत आमच्या डॉक्टरांचा कागद. पुतण्याने सांगितलं की दोन संध्याकाळी तो सुलतानअहमद भागातल्या हॉटेलांमधून कराचीचं कुटुंब शोधत फिरला, मग पाकिस्तानच्या वकिलातीतही फोन केला. तिसऱ्या दिवशी काकांनी पिशवी उघडली, औषध फार निकडीचं आहे का बघायला, तेव्हा त्या कागदावरून कळलं.

म्हातारे म्हणाले, "हिंदिस्तान?"

मी म्हटलं, "हो. नाशिक."

ते तुर्कीत काहीतरी बोलले. पुतण्या जरा थांबला, मग म्हणाला, "काका विचारतात, आमच्याकडून काही चुकलं होतं का, म्हणून तुम्ही आपल्या देशाचं नाव सांगितलं नाहीत?"

मी वीस वीस लिराच्या दोन नोटा काढून टेबलावर ठेवल्या. त्यांनी एका बोटाने त्या माझ्याकडे सरकवल्या आणि दुकानात आलेल्या दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले. त्या दिवशी चहा आला नाही.

ते दागिन्यांचं बोलणं माझ्या डोक्यातून जाईना, म्हणून नाशिकला परतल्यावर वाचनालयात जाऊन बसले. 1912 साली बाल्कन युद्धाच्या वेळी जखमी तुर्की सैनिकांसाठी हिंदुस्थानातून डॉक्टरांचं एक पथक गेलं होतं. त्याचे प्रमुख डॉ. मुख्तार अहमद अन्सारी, तेच पुढे 1927 मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष झाले. नंतर तुर्की खलिफाच्या पाठिंब्यासाठी झालेल्या खिलाफत चळवळीत देशभरातून वर्गणी गोळा झाली, बायकांनी दागिने दिले, आणि त्या पैशातला काही भाग पुढे 1924 मध्ये आधुनिक टर्कीचे संस्थापक अतातुर्क यांच्या पुढाकाराने निघालेल्या इश बँकेच्या भांडवलात गेला. खिलाफत समितीचं मुख्य ठाणं होतं मुंबई. भायखळ्याचं खिलाफत हाऊस आजही उभं आहे, ईद-ए-मिलादचा जुलूस तिथूनच निघतो. पाकिस्तान झाला 1947 साली. म्हणजे ते म्हातारे ज्या उपकाराची आठवण काढत होते, तो ज्यांनी केला त्यातले कितीतरी मुंबईचे, दिल्लीचे, लखनौचे होते. भावजींनी "मुंबईजवळचे" एवढं खरं सांगून तो इतिहास सांगितला असता तर चहा मिळालाच असता, आणि तो हक्काचा असता.

हे मी भावजींना त्या वर्षीच्या दिवाळीत सांगितलं. त्यांचं म्हणणं अजून तेच आहे: "वहिनी, धंद्यात भाव कमी करायला माणूस काहीही बोलतो. अमेरिकन लोक नाही का पाठीवरच्या पिशवीला कॅनडाचा झेंडा शिवून फिरत?"

फिरतात, खरं आहे. व्हिएतनाम युद्धापासून ही रीत आहे, 2003 मध्ये इराकवर हल्ला झाला तेव्हा पुन्हा वाढली. आपल्या सरकारने केलेल्या गोष्टीची जबाबदारी अंगावर नको, म्हणून शेजाऱ्याचं चांगलं नाव वापरायचं. ते नाव त्या शेजाऱ्याने कमावलेलं असतं आणि खराब झालं तर त्याचंच होतं. कॅनडाच्या लोकांना ते आवडत नाही, आणि मला त्यांचं पटतं.

भावजी लगेच तेहरानचं उदाहरण देतात. 1979 च्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या वकिलातीचा ताबा घेतला गेला, तेव्हा सहा अमेरिकन निसटले, कॅनडाच्या अधिकाऱ्यांच्या घरी लपले आणि जानेवारी 1980 मध्ये कॅनडाचे नागरिक म्हणून विमानात बसून बाहेर पडले. पण ते पासपोर्ट खुद्द कॅनडाच्या सरकारने दिले होते, आणि त्यांचे राजदूत केन टेलर यांनी स्वतःचा जीव धोक्यात घालून त्यांना सांभाळलं होतं. ज्याचं नाव त्याने आपणहून दिलं, आणि दिलं ते जीव वाचवायला. उशांच्या अभ्र्यांसाठी नाही.

रशियाने हल्ला केल्यावरचं, 2022 च्या फेब्रुवारी-मार्चमधलं युक्रेनही तसंच. आपली मुलं वैद्यकीय शिक्षणाला तिथे होती, महाराष्ट्रातलीही पुष्कळ. ओडेसाहून निघालेल्या मुलांनी बाजारातून रंगाचे स्प्रे आणि पडदा आणून, पडदा कापून त्यावर तिरंगा रंगवला, कारण गाडीवर तिरंगा असेल तर नाक्यावर सोडत होते. रोमानियात पोचल्यावर त्यांनीच सांगितलं की काही तुर्की आणि पाकिस्तानी मुलंही तोच झेंडा धरून नाके पार झाली. ती बातमी पाहताना मला रडू आलं. वापरू दे, जितक्यांना वापरायचा तितक्यांना वापरू दे. तिथे बंदुका होत्या. आणि तुर्की पोरं ज्या देशाचा झेंडा धरून सुटली, त्या देशाचं नाव माझ्या घरच्या माणसाने इस्तंबूलमध्ये चाळीस लिरासाठी लपवलं होतं, हेही त्याच वेळी मनात आलं.

आता तुमचं. मे 2025 मधल्या भारत-पाकिस्तान संघर्षात टर्कीने उघड पाकिस्तानची बाजू घेतली, इकडे लोकांनी सहली रद्द केल्या, त्यामुळे तिथे आपल्याला कसं वागवतील ही भीती तुम्हाला वाटते, ती मला समजते. पटत नसेल तर जाऊच नका, हा सरळ मार्ग आहे. जाणार असाल तर आपल्या नावाने जा. त्यांच्या गावात, त्यांच्या दुकानात, त्यांचा चहा पिऊन त्यांना फसवायचं, हे मला कुठल्याही कारणाने पटत नाही.

मॉरिशसचं म्हणाल तर तिथे आपलीच माणसं आहेत. कोकणातून ऊसमळ्यांवर मजुरीला गेलेल्यांची नातवंडं-पतवंडं, अजून गणपती बसवतात, तिथे गणेश चतुर्थीची सरकारी सुट्टी असते. त्यांनी घामाने मिळवलेलं नाव आहे ते. कोणी क्रिओलमध्ये, म्हणजे तिथल्या बोलीत दोन शब्द बोललं तर तुम्ही काय उत्तर देणार?

व्यवहाराचं पण सांगते. हॉटेलात पासपोर्ट दाखवावाच लागतो, त्यामुळे रिसेप्शनला एक आणि बाजारात एक असं झालं की आमच्यासारखी गत होते. पासपोर्ट हरवला तर इस्तंबूलचं भारताचं वाणिज्य दूतावासच तुम्हाला घरी परतायचा तात्पुरता कागद देणार, मॉरिशसचं नाही. प्रवास विम्याच्या फॉर्मवरही खरं तेच लिहा.

हेही खरं की रस्त्यावर विचारणाऱ्या प्रत्येकाला उत्तर द्यायला तुम्ही बांधलेले नाही. तिथे "कुठले तुम्ही?" असं गोड विचारून बारमध्ये नेऊन भलतंच बिल हातात देणारे लोकही आहेत. त्यांच्याशी बोलू नका, चालत राहा. गप्प राहणं म्हणजे खोटं बोलणं नाही. आणि एकटी बाई असेल, अंधार असेल, समोरचा माणूस दारू प्यायलेला असेल, तर तोंडाला येईल त्या देशाचं नाव सांगून सुटावं. तिथे मी काही म्हणणार नाही. हे मी आधीच लिहायला हवं होतं.

भावजी हे उत्तर वाचतील, माझं सगळं वाचतात. भावजी, "त्यात कोणाचं काय गेलं" असं तुम्ही अकरा वर्षं म्हणताय. पुतण्याच्या दोन संध्याकाळी गेल्या. वैशालीच्या... नको, नाव नाही लिहीत, तुमच्या बायकोचे तीन दिवस गेले. आणि त्या म्हाताऱ्या माणसाला वाटलं की चूक आपलीच असेल.

त्या दोन हिरव्या नोटा माझ्या कपाटात त्याच मेडिकलच्या पिशवीत आहेत. लिरा इतका घसरलाय की आज त्यांचे शंभर रुपयेही येणार नाहीत. प्रश्न विचारणाऱ्या दादा, तुम्ही जाणार असाल तर मला कळवा. नुरुओस्मानिये दारातून आत गेल्यावर उजव्या हाताला बघा, दुकान असेल अजून. ते गृहस्थ आता असतील की नाही, पण पुतण्या असेल. त्याला सांगा, नाशिकहून आलोय.