सदुसष्टाव्या वर्षी लिपस्टिक

प्रश्न : मी 67 वर्षांची, मिरजेची निवृत्त शिक्षिका. यजमान जाऊन चार वर्षं झाली. गेल्या महिन्यात पुतण्याच्या लग्नात सुनेनं हौसेनं माझा थोडा मेकअप केला. पातळसं फाउंडेशन, डोळ्यांत काजळ, फिकट गुलाबी लिपस्टिक. आरशात बघून मला बरं वाटलं होतं. मांडवात धाकट्या जाऊबाई चार बायकांत म्हणाल्या, "अहो ताई, आता कुणासाठी एवढं नटायचं?" मी तशीच बाथरूममध्ये गेले आणि रुमालानं ओठ पुसले. फोटोत स्पष्ट दिसतंय, मधला रंग गेलाय आणि कडेच्या सुरकुत्यांत राहिलाय. रुमाल दोनदा धुतला, डाग गेला नाही. आणखी एक खरं सांगते. ओठ रंगवून आलेल्या मुलींना मी स्वतः शाळेत नळावर पाठवलेलं आहे. आता पुढच्या महिन्यात पुतणीचं लग्न आहे आणि सून पुन्हा मागे लागलीय. काय करू?

उत्तर : बाई, "आरशात बघून मला बरं वाटलं होतं" हे वाक्य तुम्ही लिहिलंत आणि लगेच पुढे गेलात. मी तिथेच थांबले. तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे. सुनेला हो म्हणा.

पण जाऊबाईंचा "कुणासाठी" तुम्हाला इतका का लागला, त्याबद्दल बोलायला हवं. मी एकाहत्तर वर्षांची आहे. 1984 पासून तीसेक वर्षं डोंबिवलीत पार्लर चालवलं. हा "कुणासाठी" मी शेकडो बायकांच्या तोंडून ऐकला, आणि त्याआधी माझ्या घरात पाहिला.

आंघोळ झाली की आई फणी-करंड्याची पेटी उघडून बसायची. शिसवी पेटी, झाकणाला आतून आरसा. बोटाच्या टोकानं कपाळावर मेणाचा गोल, त्यावर पिंजर दाबून बसवायची, मग ओल्या फडक्यानं कड पुसत पुसत गोल नीट करायची. एक बाजू फुगली की सगळं पुसून पुन्हा पहिल्यापासून. दहा मिनिटं जायची. मग वेणीत फूल. या दहा मिनिटांना घरात कुणीही नटणं म्हटलं नाही. त्याच घरात, मी कॉलेजात असताना गालावर पॉन्ड्सची पावडर जरा जास्त दिसली की आत्या विचारायची, "तमाशाला उभी राहणारेस का?" रंगाचं घराला वावडं नव्हतं, बाई. तो नवऱ्याच्या नावानं लावलेला असला की सौभाग्य, स्वतःच्या नावानं लावला की थेरं.

विको टर्मरिकच्या जाहिरातीत हे कॉस्मेटिक नाही असं ठासून सांगायचे, आठवतं? कंपनीला ते का म्हणायचं होतं हा वेगळा विषय, पण आमच्या आयांना त्या शब्दांचा केवढा आधार झाला! औषध म्हणून आणलेली ट्यूब कपाटात उघड ठेवता यायची. लॅक्मे 1952 पासून बाजारात होती, तरी आमच्या चाळीत तिची लिपस्टिक असलीच तर कपड्यांच्या घडीखाली असायची.

1979 साली वडील गेले. आई तेव्हा 46 वर्षांची होती. तेराव्यानंतर आत्यानं ती पेटी उचलली आणि माळ्यावर टाकली. आईला कुणी विचारलं नाही. पुढे कित्येक महिने मी बघत होते. भांग पाडून झाला की आईचा उजवा हात सवयीनं कपाळापर्यंत जायचा, तिथे थांबायचा आणि मग ती त्याच हातानं मानेवरचे केस सारखे केल्यासारखं करायची. मला वाटतं, मी पार्लर काढलं ते त्या हातामुळे.

मे 2022 मध्ये तुमच्याच बाजूच्या, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ठराव केला: नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र काढायचं नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तो कित्ता गिरवायला सांगितलं. पेपर वाचून मी रडले होते. आई तोवर गेली होती. तुमच्या जाऊबाईंनी तुमच्या बांगड्या फोडल्या नाहीत हे खरं, पण मांडवात त्यांनी जे केलं ते त्याच जातीचं. तुम्हाला स्वतःच्या हातानं पुसायला लावलं, एवढाच फरक.

जाऊबाईंवर रागावून बसू नका असं मात्र मी सांगेन. त्यांनाही कुणीतरी हेच शिकवलंय. माझ्याकडे साठीपुढच्या बायका यायच्या त्या दिवेलागणीनंतर, बहुतेक मुलीला सोबत घेऊन. "हिचं करायचंय," म्हणायच्या. मुलगी खुर्चीत बसली की हळूच विचारायच्या, "एवढे हनुवटीवरचे चार केस निघतील का हो?" पाळी गेल्यावर हार्मोन बदलतात, हनुवटीवर राठ केस येतात, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण चार केसांसाठी त्यांना लेकीचा आडोसा लागायचा. त्यांतल्या कितीतरी जणी दुसऱ्या बाईला "या वयात शोभतं का" म्हणणाऱ्याच होत्या. जाऊबाईंनी पुन्हा विचारलंच तर "मला आवडतं म्हणून" एवढं म्हणा आणि त्यांच्या साडीची चौकशी करा. बाथरूमकडे वळू नका.

नळावर पाठवलेल्या मुलींचं तुम्ही न विचारता लिहिलंत, म्हणजे ते मनात सलतंय. शाळेला शिस्त लागते. पण चारचौघांत ओठ पुसायला लागणं म्हणजे काय, हे आता तुम्हाला आतून कळलंय. मिरजेत त्यांतली एखादी भेटत असेलच. तिच्याशी बोला.

आता कामाचं. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाचेक वर्षांत त्वचेतलं कोलॅजन सुमारे 30 टक्क्यांनी घटतं. कातडी पातळ आणि कोरडी होते, म्हणून आपल्या चेहऱ्यावर पावडर बसत नाही, सुरकुतीत जाऊन साठते. सुनेला सांगा, आधी मॉइश्चरायझर लावून दहा मिनिटं थांब, मग फाउंडेशन मुगाच्या दाण्याएवढं, तेही बोटांनी थापटून. वरून कॉम्पॅक्ट नको. फाउंडेशनचा रंग मनगटावर लावून ठरवू नका. जबड्याच्या कडेला लावून खिडकीपाशी उजेडात बघा. तिथे तो दिसेनासा झाला पाहिजे. एक छटा उजळ घ्यायचा मोह दुकानातली मुलगी घालेल, ऐकू नका. चेहरा गोरा आणि मान सावळी असं लग्नाच्या फोटोत फार वाईट दिसतं. आणि कुणी डबीतलं, नाव-गाव नसलेलं गोरं करणारं क्रीम दिलं तर सरळ फेकून द्या. असल्या क्रीममध्ये पारा सापडतो आणि तो मूत्रपिंडं खराब करतो.

लिपस्टिक सुरकुत्यांत उतरते ती आधी पेन्सिलीनं कड न आखल्यामुळे. ओठांच्याच रंगाची लिपलायनर घ्या, कड आखा, थोडा रंग आतही भरा, मग लिपस्टिक, मग टिश्यूवर ओठ टेकवा आणि पुन्हा एक हात. अगदी मॅट नको, ओठ भेगाळल्यासारखे दिसतात. तुम्ही फिकट गुलाबी लावली होतीत. वयस्कर बाईला फिकटच द्यायचं ही दुकानदारांची समजूत आहे, पण पिकल्या केसांखाली फिकट रंग चेहरा आजारी दाखवतो. डाळिंबी किंवा विटकरी लावून बघा. भुवयांना काळी पेन्सिल नको, करडी-तपकिरी घ्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल तर डॉक्टर हो म्हणेपर्यंत काजळ नको.

रुमालाच्या डागावर भांडी घासायचा लिक्विड साबण चोळून तासभर ठेवा, मग गरम पाण्यात धुवा. लिपस्टिकमध्ये तेल आणि मेण असतं, नुसत्या पाण्यानं ती निघत नाही.

प्रश्न : मला 75 पूर्ण होताहेत. मुलांनी नाशिकला हॉल घेतलाय आणि नातीनं मेकअपवाली ठरवलीय. मी जन्मात खोबरेल तेलाशिवाय काही लावलं नाही आणि आता लावायचंही नाही. सगळे म्हणतात, "आजी, फोटो चांगले येतील." नाही म्हटलं तर नातीचं मन मोडेल.

उत्तर : नाही म्हणा, आजच म्हणा, म्हणजे त्या मेकअपवालीला दुसरं काम घेता येईल. वरच्या पत्रातल्या बाईंच्या ओठांवर जसा जाऊबाईंचा हक्क नाही, तसा तुमच्या गालांवर नातीचा नाही. हल्ली उलटी सक्ती वाढलीय. पूर्वी म्हातारीनं नटायचं नाही, आता म्हातारीनं म्हातारी दिसायचं नाही. मला दोन्ही सारखंच खुपतं.

नातीला मात्र काहीतरी करू द्या, तिची माया खरी आहे. तिच्याकडून अंबाडा घालून घ्या, त्यावर मोगऱ्याचा गजरा. फोटोवाल्याला सांगा, चेहऱ्यावर सरळ फ्लॅश मारू नको, आजींना खिडकीच्या उजेडात, जरा एका बाजूला वळवून बसव. चष्म्याच्या काचा पुसून घ्या. फोटो चांगले येतील.

प्रश्न : मी 62 वर्षांची, सोलापूर. टिकलीच्या जागी कपाळावर आधी खाज यायची, आता पांढरा डाग पडलाय. टिकली काढली तर 88 वर्षांच्या सासूबाई म्हणतात, सवाष्णीनं कपाळ मोकळं ठेवू नये. म्हणून डागावर मोठी टिकली लावते. चालेल का?

उत्तर : नाही चालणार. आज, आत्ता काढा. काही टिकल्यांच्या गोंदात पॅरा-टर्शरी-ब्युटाइल फिनॉल नावाचं रसायन असतं. ते त्वचेला रंग देणाऱ्या पेशी मारतं, म्हणून डाग पांढरा पडतो. मोठी टिकली लावलीत तर गोंद जास्त जागेला लागेल आणि डाग पसरेल. माझ्याकडे येणाऱ्या दोघींना हे झालं होतं. लगेच थांबली तिचा डाग उपचारानं बराच भरला, झाकत राहिली तिचा राहिला.

त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. ते सांगेपर्यंत त्या जागी कुंकूही नको, पिंजरही नको, कारण काही पिंजरींतल्या रंगानंही खाज येते. सासूबाईंना हे उत्तर वाचून दाखवा. त्यांच्या काळी कुंकवाला गोंद नव्हता, मेण होतं, हे त्यांना आठवत असेल. डॉक्टर हो म्हणाले की त्यांच्याकडूनच मेणावरचं कुंकू शिकून घ्या, आणि कपाळाला लावण्याआधी दोन दिवस कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघा. दवाखान्यात जाताना टिकल्यांचं पाकीट सोबत न्या.