‘शुक्रवारपर्यंत’ म्हणजे टिल की बाय?

प्रश्न : ऑफिसच्या मेलमध्ये मी ‘आय विल सेंड द रिपोर्ट टिल फ्रायडे’ असं लिहिलं. साहेबांनी ‘टिल’ खोडून ‘बाय’ केलं. दोन्हींचा अर्थ ‘पर्यंत’च ना?

उत्तर : साहेबांचं बरोबर आहे. मराठीत एकटं ‘पर्यंत’ दोन कामं उरकतं. ‘शुक्रवारपर्यंत सुट्टीवर आहे’ यात सुट्टी रोज चालूच आहे, तिथे टिल. ‘शुक्रवारपर्यंत रिपोर्ट पाठवतो’ यात पाठवणं एकदाच. ते बुधवारी झालं तरी चालेल, फक्त शुक्रवार ओलांडायचा नाही, तिथे बाय. तुमचं वाक्य शब्दशः घेतलं, तर तुम्ही शुक्रवार येईस्तोवर तोच रिपोर्ट पुन्हापुन्हा पाठवत बसणार!

अडलं, की ‘पर्यंत’च्या जागी ‘उशिरात उशिरा’ घालून बघा. ‘उशिरात उशिरा पाचला पोचतो’ हे जमतं, म्हणून बाय. ‘उशिरात उशिरा पाचला झोपलो होतो’ हे काही जमत नाही; तिथे टिल. वेट, स्टे, स्लीप यांचं टिलशी जुळतं; फिनिश, रीच, सबमिट, पे यांचं बायशी.

नकारात मात्र सांभाळा. ‘द प्लंबर वोन्ट कम टिल फाइव्ह’ म्हणजे पाचच्या आधी त्याची वाट बघू नका, त्यानंतर येईल. येणं एकदाच घडतं, तरी इथे टिल चालतं, कारण ‘न येणं’ पाचपर्यंत चालू राहतं. ‘द प्लंबर वोन्ट बी हिअर बाय फाइव्ह’ म्हणजे पाचची वेळ हुकणार. पुढे कधी उगवेल ते गुलदस्त्यात.

रजेच्या अर्जात ‘टिल द फिफ्थ’ लिहिलं, तर पाच तारीख रजेत धरायची की नाही, यावर हमखास वाद होतो. केंद्रीय कायद्यांपुरता हा घोळ 1897च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टने कलम 9मध्ये मिटवला आहे : ‘फ्रॉम’ असेल तर पहिला दिवस वगळायचा, ‘टु’ असेल तर शेवटचा धरायचा. तुमच्या अर्जाला ते कलम कोण लावणार? सरळ ‘अप टु अँड इन्क्लूडिंग द फिफ्थ’ लिहा, किंवा सहा तारखेला कामावर हजर होईन असं कळवा.

प्रश्न : ‘तो येत नाही तोपर्यंत थांबा’ याचं ‘वेट अंटिल ही डझन्ट कम’ का होत नाही?

उत्तर : त्यातलं ‘नाही’ मराठीचं आहे. आपण ‘येत नाही तोवर’ आणि ‘येईपर्यंत’ दोन्ही म्हणतो, अर्थ एकच. इंग्रजीला फक्त दुसरी रचना मानवते. म्हणून मनात ‘येईपर्यंत’ धरा आणि ‘वेट अंटिल ही कम्स’ लिहा. बोलणं उद्याचं असलं, तरी इथे ‘विल कम’ नको. साधा वर्तमानकाळच हवा.

प्रश्न : ‘टिल’ हे ‘अंटिल’चं छोटं रूप आहे का?

उत्तर : नाही. टिल जुना, अंटिल त्याच्यापासून नंतर तयार झालेला. स्पेलिंगमध्ये टिलच्या शेवटी दोन एल, अंटिलच्या शेवटी एकच. अर्थ सारखाच, अर्जबिर्ज असेल तर अंटिल बरा दिसतो. ‘टिल डेट’ मात्र आपल्याकडचं. परदेशी पत्रात ‘टु डेट’ किंवा ‘सो फार’ लिहा.