सेकंडहँड : वस्तू, धूर आणि माणूस

प्रश्न : माझी मुलगी आठवीत आहे. इंग्रजीच्या पेपरात 'सेकंडहँड स्मोक'चा अर्थ विचारला होता, तिने 'वापरलेला धूर' लिहिलं आणि बाईंनी चूक दिली. मग बरोबर काय? आणि अजून एक, आमच्या नात्यातल्या एका घटस्फोट झालेल्या मुलीचं लग्न ठरतंय, तिच्याबद्दल कुणीतरी हाच शब्द वापरला. ऐकून कसंतरीच झालं. इंग्रजीत माणसांना असं म्हणतात का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, लेकीला रागावू नका, आपण रोज हा शब्द 'वापरलेलं' याच अर्थाने ऐकतो, सेकंडहँड गाडी, सेकंडहँड मोबाईल, 'सेकंडमध्ये घेतली' असंही सर्रास म्हणतो, मग पोरीने दुसरं काय लिहावं! पण या शब्दाचा मूळ अर्थ जुनं किंवा खराब असा नाहीच, दुसऱ्याच्या हातून आपल्याकडे आलेलं, एवढाच आहे. म्हणून सेकंडहँड स्मोक म्हणजे सिगारेट-बिडी ओढतो दुसराच आणि धूर मात्र शेजारी बसलेल्याच्या छातीत जातो तो, ओढणाऱ्याने सोडलेला आणि पेटलेल्या टोकाचाही. २ ऑक्टोबर २००८ पासून आपल्याकडे सार्वजनिक ठिकाणी ओढायच्या बंदीचे नवे नियम आले ते या धुरासाठीच.

माहितीचंही तसंच. स्वतः पाहिलं ते फर्स्टहँड, दुसऱ्याने सांगितलं ते सेकंडहँड, आणि याला आपल्याकडे 'ऐकीव' हा इतका नेमका शब्द आहे की इंग्रजी वापरायची गरजच नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यातलं ६० वं कलम हेच सांगायचं, पाहिल्याची साक्ष ज्याने पाहिलं त्यानेच द्यायची.

अजून एक गोंधळ नेहमी होतो. सेकंडहँडमधला 'सेकंड' मालक मोजत नाही. गाडी चार जणांकडे फिरून आली तरी सेकंडहँडच. आणि जाहिरातीत 'फर्स्ट ओनर' लिहिलेलं असतं तीही सेकंडहँडच, फक्त आजवर तिला एकच मालक होता. घड्याळाच्या सेकंदकाट्यालाही इंग्रजीत सेकंड हँड म्हणतात, पण ते दोन सुटे शब्द. गंमत म्हणजे तो सेकंदही मुळात 'दुसरा'च, तासाचे एकदा ६० भाग केले की मिनिट आणि दुसऱ्यांदा केले की सेकंद. विशेषण लिहिताना ब्रिटिश पद्धतीत मधे छोटी आडवी रेघ देतात, अमेरिकेत बहुतेक जण जोडून लिहितात, पेपरात दोन्ही चालायला हवं.

माझ्याकडे अप्पा बळवंत चौकातून घेतलेला एक जुना शब्दकोश आहे, पहिल्या पानावर शाईने कुणाचं तरी नाव, आत समासात पेन्सिलीच्या बारीक खुणा, एका पानात एसटीचं तिकीट. कुणाच्या तरी हातून माझ्याकडे आला, म्हणून तो मला नव्यापेक्षा प्रिय आहे. वस्तूला हा शब्द लावला तर त्यात कमीपणा काहीच नाही.

माणसाला मात्र लावू नये, अजिबात नाही. इंग्रजीतही कुणाला असं म्हटलं तर तो अपमानच, कारण हातोहात जाते ती वस्तू. आणि आपल्याकडे बघा, दुसरं लग्न करणाऱ्या पुरुषाला आपण 'बिजवर' म्हणतो, म्हणजे त्याचं वरपण शाबूत! बाईच्या दुसऱ्या लग्नाला मात्र 'पाट' म्हणायचे, ते लग्नच जरा खालचं. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये गोदूबाईंशी लग्न केलं तेव्हा तेही बिजवर होते, पण त्यांच्या मुरूड गावाने बहिष्कार टाकला तो नवरी विधवा होती म्हणून. तो हिशेब आज इंग्रजी शब्दाआडून परत चालू झालाय याचं मला फार वाईट वाटतं. तुमच्या नात्यातल्या मुलीचं लग्न ठरतंय, एवढंच म्हणा की, 'दुसरं'सुद्धा म्हणायची गरज नाही.

आणि पेपर घेऊन एकदा बाईंना भेटा. पूर्ण मार्क नाही मिळणार, पण मुलीने शब्दाचा एक खरा अर्थ लिहिलाय, फक्त धुराला तो बसत नाही, हे त्यांनी तिला समजावून सांगायला हवं.